ताटी वाळून राहिली

त्या उलटा हात लावून बघत. तापलेल्या पोराच्या कपाळाला लावतात तसा, खिडकीवरच्या वाळ्याच्या ताटीला. मग आपण कितीही मोठी बातमी सांगत असलो तरी म्हणत, "थांब वं, ताटी वाळून राहिली." आणि बादली घेऊन उठत.

तुमच्याही शेजारात अशी एखादी बाई असेल, जिचं बोलणं कधी पुरतं ऐकायला मिळालं नाही. आमच्या या काकू. साठच्या दशकात सीताबर्डीमागच्या एका गल्लीत त्यांची नि आमची भिंत एकच होती.

उन्हाळ्यात नागपुरात ताट्या सगळेच भिजवत, पण माणसांसाठी. काकू भिजवायच्या मेणाच्या फुलांसाठी.

त्यांच्या यजमानांना, म्हणजे आमच्या काकांना, जुन्या विलायती वस्तूंचा नाद. साहेब लोक देश सोडून गेले तेव्हा सिव्हिल लाइन्समधल्या लिलावांतून त्यांनी घर भरून घेतलं होतं. चिनीमातीच्या कुत्र्यांची जोडी, झालरीचा गुलाबी काचेचा दिवा, आणि सगळ्यांत लाडकी ही फुलं. तारेवर मेणाच्या पातळ पाकळ्या चढवलेले गुलाब आणि लिली, वर घुमटासारखं काचेचं झाकण. काका पाहुण्यांना सांगत, "व्हिक्टोरिया राणीच्या काळी तिकडच्या घरंदाज बायका दुपारभर बसून अशी फुलं करत. बाहेर फारसं जायचं नसे त्यांना."

काकू बादली घेऊन मागून जाता जाता म्हणत, "इकडंही तसंच हाय."

मी तेव्हा नवी नवरी, अक्कल बेताची. व्हिक्टोरिया म्हणजे मला फक्त मुंबईची घोडागाडी ठाऊक. ही फुलं घोड्याच्या कपाळाला बांधत का, असं मी काकांना विचारलं होतं. ते माझ्याकडे बघतच राहिले. मला वाटलं, प्रश्न आवडला. मग बर्डीवरून प्लास्टिकचे गुलाब आणले आणि लोणच्याची काचेची बरणी रिकामी करून त्यांच्यावर पालथी घातली. आमच्या बैठकीला कितीतरी दिवस कैरीच्या लोणच्याचा वास येत होता. अशी मी थाटाची बाई.

काकूंचं माहेर कुही. सकाळी बसमध्ये बसलं तर जेवायला माहेरी, इतकं जवळ. पण मे महिन्यात गल्लीतल्या सगळ्या जणी माहेरी गेल्या की काकू तेवढ्या उरायच्या. काका दुष्ट नव्हते हो. दुष्ट असते तर भांडता तरी आलं असतं. ते मऊ आवाजात म्हणायचे, "जा ना. मी कधी नाही म्हटलंय? फक्त फुलांची सोय बघून जा."

एका मे महिन्यात कुहीहून निरोप आला. आईची नजर चालली आहे, दिसतंय तोवर तोंड दाखवून जा.

मी म्हटलं, काकू, ताटी मी भिजवते, तुम्ही निघा. डोक्यात अर्थातच राणीच्या महालाची राखणदारीण झाल्याचं चित्र. बादली उचलायला मी रेशमी साडी नेसले होते! नवतप्याचं, मे अखेरच्या त्या नऊ जाळत्या दिवसांचं ऊन. काकू पिशवी घेऊन गेल्या आणि मी ताटीवर पाणी मारत त्या चिनीमातीच्या कुत्र्यांशी इंग्रजीत बोलत राहिले.

दुपार कलायच्या आत काकू दारात. शहराच्या वेशीवर दिघोरीपाशीच बसमधून उतरून चालत परत आल्या होत्या. तोंड भाजलेलं, पिशवी हातात तशीच. सरळ खिडकीशी गेल्या आणि उलटा हात लावला.

"ओलीच हाय," त्या म्हणाल्या.

मी शाबासकीची वाट बघत उभी. ताटी कोरडी असती तर त्यांना परत येण्याला निदान कारण तरी सापडलं असतं, हे कळायला मला आजी व्हावं लागलं.

"मग उतरलात काहून?" मी त्यांच्याच बोलीत विचारलं.

"बसच्या खिडकीतून गरम वारा लागला वं," त्या म्हणाल्या. "मन लागेना."

मृगानंतर ताट्या उतरल्या तेव्हा त्या गेल्या. आईला तोवर दिसेनासं झालं होतं. परत आल्यावर मला एवढंच सांगितलं. आईनं त्यांचा हात हातात घेतला, उन्हाळाभर पाण्यात राहून भेगाळलेली बोटं चाचपली आणि घरातल्यांना विचारलं, "ही म्हातारी कोण आली वं?"

काकूंची चाळिशीही उलटली नव्हती. सांगताना त्या हसल्या, मीही हसले. मग दोघी उगाच त्या दिव्याची झालर पुसत बसलो.

पुढे आई गेली. ऐंशीच्या सुमारास काकाही गेले. मी म्हटलं, आता सुटलात, या उन्हाळ्यात खुशाल कुहीला जा. मे लागला आणि पाहते तर खिडकीला नवी कोरी ताटी.

"आता कोणासाठी, काकू?"

त्या पाणी मारत राहिल्या. "गेली असती वं. पण कोणाकडं जाऊ?"

काही उन्हाळ्यांनी काकूही गेल्या. काकांच्या भाच्यानं कुत्रे नेले, दिवा नेला. फुलं वाटेत मोडतील म्हणून माझ्याकडे ठेवली. मी काय केलं सांगू? मे महिन्याची वाट पाहिली. भर दुपारी झाकणासकट ती गच्चीवर नेऊन ठेवली आणि सावलीत खुर्ची टाकून बसले. आधी लिलीनं मान टाकली. मग गुलाब एकमेकांत मिसळले. शेवटी नुसत्या तारा उभ्या राहिल्या.

मुलगा वर आला. म्हणाला, आई, ही केवढी दुर्मिळ वस्तू होती, ठाऊक आहे तुला?

ठाऊक आहे, म्हटलं. आणि उठून काचेला उलटा हात लावून पाहिला. चटका बसला.