गुळगुळीत उतार

माझ्या मामाच्या हातचा गिलावा म्हणजे आरसा. उभी हयात गवंडीकामात गेली. भिंतीवर बोट फिरवायचं आणि बोटाला एक खडा लागला तर अख्खी भिंत खरवडायची, असा हट्टी माणूस. त्यात कोणी कौतुक केलं नाही की तोंड फुगवून बसणार.

आजारपणात मामीचे पाय गेले आणि घरात व्हीलचेअर आली. दारासमोर पायऱ्या. बाहेर जायचं तर शेजारचे दोघे तिला खुर्चीसकट उचलायचे. ते बिचारे हसत उचलायचे, पण मामीला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. तिने बाहेर पडणंच सोडलं. शेवटी एकदा म्हणाली, "अहो, जगाची घरं बांधलीत. मला एक उतार बांधून द्या. माझी मी जाईन."

मामा इरेला पेटला. उतार चांगला लांब घेतला, चढ बेताचा ठेवला, सगळं बरोबर केलं. शेवटी स्वभाव आडवा आला.

"ओलं आहे तोवर वरून खराटा ओढा, नाहीतर चाक घसरेल," मामी दारातून सांगत होती.

"माझ्या कामावर खराटा? लोक तोंडात शेण घालतील!" असं म्हणून त्याने काँक्रीट इतकं घोटलं की मांजरसुद्धा वर यायला कचरू लागलं.

काँक्रीट पक्कं झाल्यावर मामा म्हणाला, "आधी मी बसून बघतो." मामीसाठी म्हणून त्याने उतार नुकताच धुऊनही काढला होता. अर्ध्यावर त्याने ब्रेक ओढला. चाकं थांबली, खुर्ची थांबेना. कसलीही घाई न करता, सावकाश घसरत मामा थेट फाटकावर जाऊन आदळला. समोरच्या शिंप्याने मशीन थांबवून विचारलं, "माप द्यायला येताय का?"

मामी पोट धरून हसली. मग उताराकडे बघत "म्हणजे मी आता घरातच," म्हणाली.

मामाने तेव्हाच छिन्नी-हातोडा काढला. वरचा थर फोडला, नवा घातला, खराटा ओढला. मामीची पाठ वळली तसा हा गडी पुन्हा थापी घेऊन बसला.

"एवढा एकच कोपरा..."

"अहो! थापी इकडे द्या."

थापी मांडीखाली घालून ती दारात ठाण मांडून बसली. मामाने परत खराटा घेतला. रेघ उमटली की तो डोळे मिटून घ्यायचा. मला हसू आवरेना.

थर पक्का झाल्यावर मामी निघाली. मध्येच तिने ब्रेक ओढला, खुर्ची जागच्या जागी थांबली. मामा दोन्ही हात पसरून बाजूने चालत होता.

"हात मागे घ्या."

त्याने घेतले. ती फाटकाबाहेर पडली आणि रस्त्याला वळली.

"अगं, कुठे चाललीस?" मामा ओरडला. खुर्ची पुढेच गेली.

तो माझ्याकडे वळला. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"बघितलंस? न सांगता गेली," तो म्हणाला. "पूर्वी अशीच जायची."