शालूबाई घर पाहायला निघाल्या

संग्रामपूरच्या आसपास कुणाच्या पोरीची सोयरीक जुळत आली की घर पाहायला जाणाऱ्या जीपमध्ये शालूबाईंची जागा ठरलेली. पुरुष मंडळी ओसरीवर बसून जमिनीचं बोलत. शालूबाई पाणी प्यायच्या निमित्तानं थेट मागच्या दारी. विहिरीत डोकावायचं, गोठ्यातल्या गाईच्या पाठीवरून हात फिरवायचा, चुलीपाशी बसलेल्या सासूशी इकडचं तिकडचं बोलायचं, आणि परतताना जीपमध्ये एकच वाक्य टाकायचं. त्या वाक्यावर मांडव उभा राहायचा, नाहीतर सोयरीक मोडायची. एक नियम मात्र त्यांनी कधी मोडला नव्हता. पाहायला गेलेल्या घरी चहा घ्यायचा, पण अन्नाला तोंड लावायचं नाही. घास खाल्ला म्हणजे होकार दिला.

आता पाळी स्वतःच्या पोरीची होती, आणि घर होतं पेरू देशात.

सुचिता ठिबक सिंचनाच्या कंपनीत लागली आणि कंपनीनं तिला तिकडच्या वाळवंटातल्या द्राक्षमळ्यांवर पाठवलं. तिथं पंप दुरुस्त करणारा विल्मेर तिला आवडला. फोनवर तिनं साफ सांगितलं, तू नाही म्हटलं तर मी लग्न करणार नाही, पण आधी घर तर पाहून जा. भगवंतरावांचे गुडघे विमानात मुडपायला राजी नव्हते. त्यांनी बायकोला एवढंच सांगितलं, "तू म्हणशीन ते मले मंजूर." गावातल्या टवाळांनी देशाच्या नावावर करायच्या तेवढ्या कोट्या करून घेतल्या, आणि शालूबाई निघाल्या. पिशवीत दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि मुरमुरे. मनात पक्का नकार. पोरगं चांगलं असेलही. पण उद्या पोरगी आजारी पडली, बाळंत झाली, तर तिच्या उशाशी कोण बसणार? आपण तर समुद्र ओलांडून पोचेपर्यंत पोर मोठं होईल.

पण नकार घेऊन निघालेली बाई इतकी खूश दिसू नये.

विल्मेरचं घर डोंगरात होतं. सुचितानं ठरवलं की लिमाहून सगळा प्रवास बसनं करायचा. आधी समुद्र, मग बेटं, मग इंका राजांच्या जुन्या वास्तू, आणि शेवटी घर. शालूबाईंना लगेच शंका आली. घर दाखवायच्या आधी जे लोक गाव फिरवून आणतात, ते काहीतरी झाकत असतात. पण बस सुटली आणि त्या खिडकीला चिकटल्या त्या चिकटल्याच. एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला नुसती वाळू. गवताचं पातं नाही.

"इथला माणूस खाते काय?" त्यांनी विचारलं.

विल्मेर मागच्या सीटवर होता. गोरा म्हणावा असा नाही, सावळा, जाड केसांचा, मोठ्या हातांचा. सुचितानं त्याला आपल्याकडची थोडी वाक्यं शिकवली होती. त्यातलं एक त्यानं ताबडतोब वापरलं, "जेवल्या काय?" शालूबाईंनी पिशवीतली दशमी वर करून दाखवली. पुढच्या प्रवासात तो प्रश्न त्यानं प्रत्येक थांब्यावर विचारला आणि प्रत्येक थांब्यावर दशमीच वर झाली.

समुद्रकाठच्या पाराकासला विल्मेरची आई डोंगरातून उतरून त्यांना भेटली. तिचं नाव सातुर्निना. ठेंगणी, दोन वेण्या, डोक्यावर हॅट, आणि पाठीवर रंगीत कापडात बांधलेलं भलंमोठं गाठोडं. तिनं गाठोडं सोडून उकडलेले बटाटे काढले आणि शालूबाईंपुढं धरले. शालूबाईंनी हात जोडले. सातुर्निनानं मुलाकडं पाहिलं, मुलानं सुचिताकडं, आणि सुचितानं समुद्राकडं.

सकाळी मोटारबोट निघाली. वाटेत वाळूच्या टेकडीवर कुणी कोण जाणे किती जुन्या काळी खोदलेली एक प्रचंड आकृती दिसली, तीन फाट्यांची. लोकांनी कॅमेरे काढले. शालूबाईंना तो त्रिशूळच वाटला, त्यांनी नमस्कार केला. ते पाहून सातुर्निनानंही छातीवर क्रूस काढून घेतला, न जाणो.

मग बेटं आली, आणि शालूबाई उभ्याच राहिल्या. बोटवाला ओरडला तेव्हा बसल्या, पुन्हा उठल्या. खडक दिसत नव्हता एवढी पाखरं. काळी, पांढरी, झोळीसारख्या चोचीची. आभाळातून दगड पडावेत तशी पाण्यात पडणारी आणि चोचीत मासा घेऊन वर येणारी. पेंग्विन तर ओल्या खडकावरून असे उतरत होते, जशा पावसाळ्यात डोक्यावर हंडा घेतलेल्या बाया नदीच्या उतारावरून उतरतात. समुद्रसिंहांचा एक थोराड नर बायकांच्या घोळक्यात पडून डरकाळ्या फोडत होता आणि एकही मादी त्याच्याकडं लक्ष देत नव्हती. असा एक माणूस आपल्याही गल्लीत आहे, असं शालूबाई म्हणाल्या, पण नाव सांगितलं नाही.

सगळ्या बेटावर पांढरा थर होता. ही पाखरांची विष्ठा, तिचं खत होतं, ते खरवडून शेतात नेतात, असं विल्मेरनं सांगितलं. वास असा होता की गोऱ्या पाहुण्यांनी नाकाला रुमाल लावले. शालूबाईंनी उलट दोन श्वास जास्त घेतले. वाळूत द्राक्षं पिकवणारे आणि पाखराचं शेणही वाया न घालवणारे लोक अगदीच वेडे नसावेत, ही नोंद त्यांनी मनातल्या मनात केली आणि लगेच स्वतःला दटावलं.

बोट वळली तेव्हा त्या सुचिताला म्हणाल्या, "जल्मभर पाखरं हाकलली मी. अन् आता तिकीट काढून पाखरं पाहून राह्यली."

सुचितानं ते भाषांतर करून सांगितलं. सातुर्निना एवढी हसली की हॅट पाण्यात जाता जाता वाचली.

दुसरी बस समुद्र सोडून नदीच्या काठानं डोंगराकडं वळली. ताम्बो कोलोरादोला, इंका राजांच्या जुन्या वाड्यापाशी, उतरले तर समोर मातीच्या भिंती. वर छप्पर नाही, तरी भिंती सरळ उभ्या, आणि अंगावर अजून तांबडा-पिवळा रंग. रांगेनं कोनाडे. शालूबाईंनी आयुष्यभर दिवाळीआधी मातीच्या भिंती पोतारल्या होत्या. एक पावसाळा सोसला की भिंत पोपडे टाकते, हे त्यांना ठाऊक होतं.

"हे कोण पोतारते दरसाली?"

"कोणीच नाही, माय. इथं पाऊसच नाही."

पाचशे वर्षांचा रंग, आणि पाऊसच नाही. राजासुद्धा मातीच्याच घरात राहायचा म्हणायचं, असं शालूबाई पुटपुटल्या. हात लावायची मनाई होती, म्हणून हात पाठीमागं बांधून, नाक भिंतीला टेकेल इतक्या जवळून त्यांनी एक अख्खी भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहून घेतली. राखणदार बिचारा त्यांच्या मागं मागं चालत होता.

आणि मग घर. बस चढत चढत गेली, हवा गार झाली. एका वळणावर सातुर्निना उतरली आणि पायवाटेनं वरही गेली. मातीच्या दोन खोल्या, अंगणात नळ, दाव्याला गाय. शालूबाई सवयीनं थेट मागच्या दारी. मागं डोंगर कापून पायऱ्या केलेल्या, आणि पायरी-पायरीवर मका. कणसं भरत आलेली. त्यावर होला पाखरांचा थवा उतरत होता, हुबेहूब आपल्याकडच्यासारखा.

सातुर्निनानं पाठीवरचं गाठोडं टाकलं. कमरेची लोकरीची दोरी सोडली, पदरासारख्या रुंद भागात खडा ठेवला, डोक्यावर एक वळसा, आणि फाट्कन आवाज झाला. होले उठले.

"गोफण!" शालूबाई म्हणाल्या. "ए सुचे, हिच्यापाशी गोफण हाये."

पुढं काय झालं ते सुचिता आजही नीट सांगू शकत नाही, हसू येतं. आईनं गोफण जवळजवळ हिसकावलीच. मचाणावर उभं राहून ज्वारी राखणारी पोर, लग्नाआधी बापाच्या शेतात आणि लग्नानंतर नवऱ्याच्या, ती चष्म्यासकट परत आली. पहिला खडा मागं गेला. विल्मेर वेळेवर वाकला म्हणून बरं. दुसरा थव्याच्या खालून गेला. तिसऱ्याला दोरी अशी कडाडली की गाय बिचकली. "हाऽऽ होऽऽ" अशी त्यांनी आरोळी ठोकली, समोरच्या डोंगरानं ती परत दिली, आणि सातुर्निनानं आपल्या भाषेतली आरोळी तिच्यावर चढवली. मग दोघी आळीपाळीनं. पोरांना कुणी विचारेना.

दमून दोघी बांधावर टेकल्या. सातुर्निनानं तिथंच पेटवलेल्या विस्तवात भाजलेलं कणीस मोडलं, अर्धं शालूबाईंना दिलं. शालूबाईंनी ते घेतलं, राख फुंकली आणि दाणे तोंडात टाकले. चावले. गिळले.

सुचिता जागीच थांबली. "माय."

"काय?"

"खाल्लं तू."

शालूबाईंनी हातातल्या कणसाकडं पाहिलं. सातुर्निनाला काही कळेना. सुचितानं तिला सगळा नियम सांगितला, त्याबरोबर म्हातारी उठून उभीच राहिली.

"खाली बसव तिले," शालूबाई म्हणाल्या. "ते चुकून झालं, ते मी धरत नाही. पोरीचं लगन हाये, असं कणसावर नाही ठरत. मले एक विचारायचं हाये, तू शब्दाले शब्द सांग. मधातलं काही गाळू नको."

"विचार."

"तिले म्हण, माही पोर इथं आजारी पडली, तिचं बाळंतपण आलं, तं मी दोन दिवस पोचत नाही. तवा तू काय करशीन?"

सुचितानं विचारलं. सातुर्निना पुन्हा बसली, हातातलं अर्धं कणीस तिनं मांडीवर ठेवलं. मग ती बोलली, हळू, थांबत थांबत, आणि सुचिता मागोमाग सांगत गेली.

"ती म्हणते, माझी पोरगी इटलीत आहे. तिथल्या म्हाताऱ्यांची सेवा करते. मागच्या वर्षी तिचं ऑपरेशन झालं. तेव्हा तिच्या दारात कोण उभं होतं, होतं की नाही, ते मला अजून माहीत नाही. ती सांगत नाही." सुचिता थांबली.

"पुढं सांग."

"ती म्हणते, तुझ्या पोरीच्या दारात कोण असेल, ते तू आज पाहिलंस. इथून खाली मळ्याकडं जाणारी बस सकाळची आहे. ती चुकली तर ट्रक असतात."

शालूबाईंनी सातुर्निनाचा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला आणि तिच्या पोरीचं नाव विचारलं. नाव होतं नेली. शालूबाईंनी ते दोनदा म्हणून पाहिलं. नेलीला लग्नाला बोलवा, ती येईपर्यंत तारीख धरायची नाही, असं त्यांनी सुनावलं. सुचितानं हे भाषांतर करायच्या आधीच विल्मेर "हाव, हाव" म्हणत होता.

डोंगरावर फोन लागायला गोठ्याच्या भिंतीवर चढावं लागलं. जावयानं खालून धरलं होतं. तिकडं संग्रामपुरात पहाट व्हायची होती, भगवंतराव झोपेतून उठून बोलत होते.

"पाह्यलं काय घर?"

"पाह्यलं."

"मंग? कसं हाये?"

"चढाचं हाये," शालूबाई म्हणाल्या. "तुमच्या गुडघ्याचं आत्तापासून पाहा. लग्नाले यायचं हाये तुमाले."