किल्ल्याच्या पायऱ्या आणि आमचा जिना

जोगेश्वरीत माझी खोली तिसऱ्या मजल्यावर आहे आणि इमारतीला लिफ्ट नाही. मुलाचं म्हणणं, आता मुलुंडला त्याच्याकडे राहायला यावं, ही खोली भाड्याने द्यावी. माझे गुडघे गेले हे त्याने ठरवूनच टाकलं होतं. मी म्हटलं, तू सांगशील ते चढून दाखवते, नाही जमलं तर सामान बांधते. चिडून बोलले, पण बोलले.

रविवारी सकाळी तो मला गाडीत घालून वसईच्या किल्ल्यावर घेऊन गेला.

दरवाजातून आत शिरलं की समोर भिंत येते. मग वळायचं, पुन्हा वळायचं. एक मास्तर कॉलेजच्या मुलांना सांगत होते, शत्रूच्या हत्तीला पळत येऊन दारावर धडक मारता येऊ नये म्हणून वाट अशी वाकडी केली. ते मला पटलं. तटावर चढायच्या पायऱ्या मात्र एक वीतभर, तर दुसरी गुडघ्याएवढी. त्याही मुद्दाम म्हणे, चढणाऱ्याचा पाय चुकावा म्हणून. हे काही पटलं नाही. आमच्या जिन्याच्या पायऱ्याही अशाच आहेत, तिथे कोणता शत्रू येणार होता? गवंड्याने उरकलं असेल.

पण त्या जिन्याच्या सवयीमुळे माझं काम झालं. तिरकी होऊन, भिंतीला हात लावून मी एकेक पायरी चढले. मुलाला लिफ्टची सवय. तो दोनदा अडखळला आणि माझ्यानंतर वर पोचला. त्याला दम खाता यावा म्हणून मी खाडी जरा जास्तच वेळ बघितली.

उतरताना मी सरळ पायरीवर बसले आणि बसतबसत खाली सरकू लागले.

"बघ, मी हेच सांगत होतो," तो म्हणाला.

"काय बघू? घरीही अशीच उतरते."

बोलल्यावर कळलं, हे सांगायला नको होतं. शेजारणी मला हसतात, जिना पुसायला आता वेगळी बाई नको म्हणतात, हे त्याला ठाऊक नव्हतं.

"घरी पण? कधीपासून?"

"दोन वर्षं झाली. पडले का एकदा तरी? पैज चढायची होती. उतरते कशी, ते तू विचारलं नव्हतंस."

दोन पायऱ्या खाली जाऊन त्याने हात पुढे केला. मी त्या हातात माझ्या चपला दिल्या आणि सरकत राहिले.

गाडीत मुलुंडचं नाव निघालं नाही. पुढच्या रविवारी तो आला, तो जिन्याला लोखंडी कठडा बसवणाऱ्या माणसाला घेऊनच. तेवढं मी करू दिलं.