देवीने धरून ठेवलेलं फूल

तळवलीत मी शिंकलो तर खाडीपलीकडे बगळे उडतात, असं लोक म्हणतात. लोक म्हणजे मीच म्हणतो, पण आजवर कोणी नाकारलेलं नाही. गावठाणातल्या घरांसाठी बेलापूरच्या कचेऱ्यांवर जेवढे मोर्चे गेले, त्यांत मला कधी माईक लागला नाही. नाक्यावर चहा पीत मी नगरसेवकापासून दिल्लीपर्यंत सगळ्यांची सालटी काढायचो आणि घरी येऊन खुशाल घोरायचो. फौजेतला माझा पोरगा सुट्टीवर आला की हसायचा. "बाबा, तू खाली बिनधास्त बोंबल. मी वर बॉर्डरवर उभा हाय ना!"

तो वर उभा असतानाच जखमी झाला. डोक्याला मार लागला आणि लष्करी इस्पितळात बेशुद्ध पडून राहिला. आम्ही नवरा-बायको जाऊन काचेआडून त्याला बघून आलो. डॉक्टर म्हणाले, घरच्यांचा आवाज त्याच्या कानावर पडत राहू दे. मग त्याचा सोबती जवान रोज सकाळी फोन त्याच्या कानाशी धरायचा, आणि इकडे माझ्या तोंडून नुसता श्वास निघायचा. बायको चिडून म्हणाली, "अख्ख्या गावाशी बोलतोस, आन पोराशी बोलाला दातखील बसली?" तिला काय सांगू? थापा मारायलासुद्धा आत कुठेतरी भरवसा लागतो की जग आपल्या जागेवर आहे. माझा तो भरवसाच सुटला होता. देवघरात दिवा लावायचो, पण हात जोडावेसे वाटत नव्हते.

शेवटी गावदेवीला कौल लावायला गेलो. ओलं फूल देवीच्या अंगावर चिकटवायचं. उजवीकडे पडलं तर होय, डावीकडे पडलं तर नाही. पोरगा जागा होईल का, एवढंच विचारलं. फूल हलेना. दुपार कलली तरी हलेना. मग माझं डोकं फिरलं. मोर्चात बाहेर पडला नव्हता असा आवाज त्या गाभाऱ्यात फुटला. "माय, ज्याच्या जिवावर आमी हितं मोकलं बोलतो, त्याचीच वाचा बंद केलीस? काय देवी हायस तू!" घंटा आपोआप वाजली म्हणतात. तेही मीच म्हणतो. मग मात्र मी घाबरलो आणि गप्प झालो.

मागून कोणीतरी म्हणालं, "थांबलासा का? चालू द्या की काका." वळून पाहिलं तर महापेच्या कुठल्याशा कंपनीचा गार्ड, ड्युटी संपवून आलेला. बोलणं साताऱ्याकडचं, उभं राहणं फौजी.

मी ओशाळून म्हटलं, "चुकलं माजं. देवीसमोर असं बोलाला नको होतं."

"चुकलं कशापायी? आमी बर्फात हुभं असताना हेच आठवायचो. गावाकडं पारावर म्हातारी माणसं सरकारला शिव्या घालत्यात, कुणाच्या बापाला भीत न्हाईत. वाटायचं, हा गलका हाय तवर आपलं हुभं ऱ्हाणं वाया न्हाई." मग देवीला हात जोडत तो हळूच म्हणाला, "खालचा गलका थांबला, की वरच्याला घोर लागतो, काका."

फूल तसंच सोडून मी घरी आलो. दुसऱ्या सकाळी फोन लागला आणि काय झालं कळलं नाही, मी सुरू झालो. "आरं, ती चिंबोरी आठवते ना? खाडीतली खेकडी, स्कूटरएवढी! तिच्यावर बसवून तुला शालेत सोडलेला. वलनावर वलाच्या आधी इंडिकेटरसारखी नांगी दाखवाची ती! नगरसेवकानं बघितली आन तिच्यावर पन टॅक्स लावला!" डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पण थांबलो नाही. पलीकडून जवान ओरडला, "अंकल, होंठ हिला इसका!"

डॉक्टर म्हणतात, स्नायू असे हलतातच, त्यावर आशा बांधू नका. असेल. आजही त्याचे डोळे मिटलेले आहेत. संध्याकाळ झाली की घर खायला उठतं आणि बायको त्याच्या जुन्या चपला उगाच पुसून ठेवते. त्या गार्डला मी महापेत पुष्कळ शोधलं, तो भेटला नाही. भेटला असता तर पाया पडलो असतो. त्याच्याही आणि त्याच्यासारखं उभं राहिलेल्या प्रत्येकाच्या.

पुजारी परवा सांगायला लागला, "दादा, त्या दिवशी तुझं फूल शेवटी कुठं पडलं माहितीये..." मी त्याच्या तोंडावर हात ठेवला. ते देवीचं देवीपाशी राहू दे. पोराच्या कानात गलका चालू ठेवणं एवढंच माझं, आणि तेवढा आवाज तिने मला परत दिलाय. उद्या सकाळच्या फोनात चिंबोरी विमानतळावर जाणार आहे.