मोठ्या बाबूंची परीक्षा

परदेशात कोण टिकेल आणि कोण आठवड्यात रडत परत येईल, हे आमच्या मोठ्या बाबूंइतकं साऱ्या दुनियेत कोणालाच कळत नव्हतं. आणि स्वतः बाबू नागपूरच्या पुढे कधी गेले नव्हते. आमच्या राळेगावच्या कापसाच्या जिनिंगच्या मालकांनी टांझानियातही एक जिनिंग टाकलं होतं. दर हंगामात इथली माणसं तिकडे जायची. मुलाखत मालक घेत, पण शेवटचा शब्द हेडक्लार्क असलेल्या बाबूंचा. त्यांची परीक्षा एकच. जेवणाच्या सुट्टीत माणसाला त्याच्या डब्यासकट सरकीच्या गोदामात बसवायचं आणि बाहेरून कडी लावायची. "ज्याले एकट्यानं जेवता येत नाही, त्याले तिकडं कायले पाठवाचं?" आता आमच्याकडे डबा म्हणजे चौघांनी मिळून उघडायची गोष्ट. एक धिप्पाड फिटर, अख्खी मोटर एकटा उचलणारा, पण त्या गोदामात पोळी हातात धरून खिडकीतून हाका मारत बसला, "अबे, कोणी तरी भाजी घ्या ना!" झाला नापास.

मीही दोनदा नापास झालो. मला जायचंच होतं हो, माझ्या बापाला एकदा विमानतळ दाखवायचा होता. पहिल्यांदा घास उतरलाच नाही. दुसऱ्यांदा भाकर खिडकीतून कुत्र्याला घातली, ती नेमकी बाबूंनी पाहिली. तिसऱ्यांदा मात्र रडत रडत डबा चाटूनपुसून साफ केला. बाबूंनी डबा पाहिला, माझे डोळे पाहिले. "रडून राह्यला, पण खाल्लं ना? जा मग."

तीन वर्षं तिकडच्या खोलीत एकटा वरणभात खाल्ला. रोज पहिल्या घासाला बाबूंना शिव्या घातल्या आणि शेवटच्या घासाला त्यांचीच आठवण काढली.

परत आलो तेव्हा बाबू रिटायर होऊन कळंबला राहत होते. त्यांची बायको वारली होती, मुलं पुण्याला. मी पोचलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते आणि त्यांच्यापुढे ताट झाकलेलं.

"बाबू, जेवले नाही अजून?"

"मालकानं पहिले मलेच पाठवाचं ठरवलं होतं. मी घरी नाही सांगितलं. आधी गोदामात एकटा बसून पाह्यलं." ताटावरचं झाकण त्यांनी उगाच सरळ केलं. "एक घास उतरला नाही गा. आताही तसंच होते."

मी उठलो, स्वयंपाकघरातून दुसरं ताट आणलं आणि त्यांच्यासमोर मांडी घातली. बाबूंनी भाकर मोडून अर्धी माझ्या ताटात टाकली आणि पहिला घास घेतला. मी घरून पोटभर जेवून निघालो होतो. पुन्हा जेवलो.