दाजींची घुमणारी खोली

माझे दाजी सोपानराव देहूरोडच्या लष्करी डेपोत कारकून होते. खोक्यांवर नंबर घालणं आणि साहेबापुढं मान खाली घालणं, ही दोन कामं त्यांना चोख जमत. गाणं जमत नव्हतं. चिंचवडच्या भजनी मंडळात वीस वर्षं त्यांच्या हाती टाळच राहिले. अभंग कुणी त्यांना उचलू दिला नाही, आणि यात मंडळाचं काही चुकलं असं मला कधी वाटलं नाही.

सत्तावन्न साली डेपोतला एक साहेब बदलून गेला. जाताना त्यानं आपला टेपरेकॉर्डर दाजींना देऊन टाकला. दाजींनी तो घरी आणला, पुढ्यात बसून एक अभंग म्हटला आणि लगेच ऐकला. स्वतःचा आवाज पहिल्यांदा कानावर पडला की शहाणा माणूस गप्प होतो. दाजी म्हणाले, यंत्रात बिघाड आहे.

मग त्यांना धान्याची कोठी सुचली. घरामागची दगडी खोली, चुन्याचा गिलावा, खाली फरशी, खिडकी एकच आणि तीही हातभर. नवं धान्य यायच्या आधी ती रिकामी होई, तेव्हा आत कुणी खोकलं तरी कीर्तनाला तोंड लागल्यासारखं वाटे. त्या वर्षी मात्र ती भरलेली होती. दाजींनी ज्वारीची पोती ओसरीवर काढायला लावली. माझी बहीण गोजाआक्का म्हणाली, ओसरीवर उंदीर लागतील. कलेपुढं ज्वारीचं काय घेऊन बसलीस, असं म्हणत त्यांनी पोती माझ्या पाठीवर दिली आणि स्वतः मायक्रोफोन कुठं ठेवावा याचा विचार करत उभे राहिले.

तो विचार त्यांनी नीट केला, हे कबूल करतो. मायक्रोफोन तोंडापाशी नको, दाराच्या कोपऱ्यात भिंतीकडं वळवून ठेवायचा, म्हणजे गळ्यातला आवाज कमी आणि भिंतींवरून फिरून आलेला जास्त उतरतो, हे त्यांनी आठ दिवस खपून शोधलं. तेवढे दिवस घरात भांड्याचा आवाज करायची बंदी. आक्का अंगणात चूल मांडून स्वयंपाक करी.

टेप ऐकून मीही चकित झालो. त्या किरट्या गळ्याला भलताच भारदस्तपणा आला होता. सूर घसरला की आधीच्या सुराचा घुमारा येऊन त्याला झाकून टाकी. दाजी पाणी प्यायला गेले तेव्हा मी कोठीत शिरून दोन ओळी म्हणून पाहिल्या. मीही थोर गवई निघालो. गुण कुणाचा ते मला तिथंच कळलं. दाजींना कळायचं नव्हतं.

त्यांनी पुण्याला रेडिओकडं अर्ज केला. चाचणीला ताल धरायला मला नेलं. तिथल्या भिंतींना जाड आवरण, खाली गालिचा. दार लागलं की आपला श्वाससुद्धा आपल्यापाशीच राही. दाजींनी तोंड उघडलं आणि जे होतं तेच बाहेर पडलं. काचेपलीकडच्या गृहस्थांनी दुसऱ्याच ओळीला हात वर केला आणि अदबीनं आभार मानले.

परतीच्या एस.टी.त दाजी म्हणाले, "त्यांची खोलीच मेलेली हाय. मेल्या खोलीत जित्या माणसानं कसं गावं?"

"बाकीचे गातातच की तिथं," मी म्हणालो.

 चिंचवडला उतरल्यावर दाजींनी गावात सांगितलं, की रेडिओच्या यंत्राला आपला आवाज पेलला नाही.

एकोणसाठ साली ते निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमाला घरच्यांनाही बोलावणं होतं. कुणीतरी उगाच सुचवलं, सोपानरावांनी एखादं पद म्हणावं. दाजी उठले नाहीत. त्यांनी मला खूण केली. मी घरून उचलून आणलेलं यंत्र टेबलावर मांडलं, आणि दाजींनी गळ्यात हार तसाच ठेवून, डोळे मिटून, स्वतःचं गाणं ऐकलं. मधूनमधून मान डोलावून स्वतःलाच दाद दिली. चाळीस माणसांचा चहा निवून गेला. टेप संपली तेव्हा टाळ्या पडल्या, कारण अशा वेळी त्या पडतातच. नवे साहेब पुढं आले, वाकून यंत्राची बटणं न्याहाळली आणि म्हणाले, "छान आहे. कुठल्या कंपनीचं?"

दाजींनी कंपनीचं नाव सांगितलं, स्पेलिंगसकट. मग वायर गुंडाळायला लागले. ती तीनदा हातातून निसटली. मला हसू आलं. शेजारी बसलेल्या आक्कानं माझ्याकडं एकदा पाहिलं, पदर खोचून उठली आणि वायरीचं दुसरं टोक धरून त्यांच्यासमोर उभी राहिली.