करूळ घाटाने म्हाळाला

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कळत नाही. चौथीत शाळा सुटली. हे कुणाच्या हाती पडलंच तर चुकांबद्दल माफी असावी. लिहायची रीत मी माझ्या यजमानांकडून घेतली. ते लष्करात ड्रायव्हर होते, हवालदार होऊन निवृत्त झाले. ते म्हणतात, रिपोर्टात आधी जागा, मग वेळ, मग काय घडलं ते. आपल्याला काय वाटलं ते शेवटी, आणि तेही कागद उरला तर. मी तसंच लिहिणार आहे. पण मला काय वाटलं ते मध्येमध्ये येईल, त्याला इलाज नाही.

जागा, मालवणपासून आत कट्टा गावाच्या बाजूला आमचं घर. वेळ, पितृपक्षातली द्वादशी, संध्याकाळ. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं घाटावर जाणार होतो. दत्तांच्या म्हाळाला.

नायक दत्ता चौगुले हे ह्यांच्या गाडीवर को-ड्रायव्हर होते. गाव गगनबावड्याच्या पलीकडे. उत्तरेत डोंगरातल्या पोस्टिंगवर दोघं एकाच गाडीवर राहिले, एकाच ताटात जेवले. तिथेच एका पावसाळ्यात दत्ता गेले. लढाईत, अपघातात गेलेल्यांचा म्हाळ चतुर्दशीला घालतात. दत्तांचाही त्याच दिवशी असतो. त्या दिवशीच्या जेवणात, जो गेला त्याच्या जागी एक जिवंत माणूस पाटावर बसवतात, त्याला पितर म्हणतात. तो जेवला की गेलेला जेवला, अशी समजूत. दत्तांच्या जागी दरवर्षी हे बसतात. वाढते दत्तांची बायको, अलका.

म्हणजे वर्षातून एक दिवस माझा नवरा तिच्या नवऱ्याच्या पाटावर बसतो आणि ती त्याला आग्रह करून जेवू घालते. पुण्याचं काम आहे, मला कळतं. तरी त्या दिवशी घरी माझ्या घशाखाली घास उतरत नसे.

मी कधी गेले नव्हते. सासूबाई अंथरुणाला होत्या, गोठ्यात म्हैस होती. हे जुनी जीप काढून एकटेच जात. जात ते आंबोलीने, म्हणजे सगळ्यात लांबच्या वाटेने. आजऱ्याला अलकाचं माहेर आहे. एकदा फोनवर बोलताना ऐकलं, "आजऱ्याला स्टँडवर उभी राहा, मी येतो." तिथून पुढे ती जीपमध्ये ह्यांच्या शेजारी बसून आपल्या घरी जात असे. मी कुणाला काही बोलले नाही. मी तशी बोलणारी नाही. पण ते वाक्य मी किती वर्षं धुतलं, वाळत घातलं आणि पुन्हा अंगावर घेतलं, ते मलाच ठाऊक.

सासूबाई गेल्या. म्हैस विकली. जीप देऊन ह्यांनी छोटी जुनी गाडी घेतली. मी म्हटलं, ह्या वर्षी मीही येणार.

त्या संध्याकाळी ह्यांनी अंगणात सँड मॉडेल केलं. लष्करात मोहिमेआधी वाळूचे डोंगर करून रस्ता समजावतात, तसं. वाळू पसरली, सह्याद्री म्हणून नारळाच्या करवंट्या उपड्या मांडल्या, सुतळीचे रस्ते केले. ऐकायला मी एकटी, ओट्याच्या पायरीवर.

"रूट नंबर वन, आंबोली. सावंतवाडी, आंबोली, आजरा, मगे कोल्हापुराक वळसो. रस्तो बरो, पण लांब. रूट नंबर टू, फोंडा. रूट नंबर थ्री, वैभववाडीवरना करूळ." शेवटचं नाव घेताना ते करवंटीकडे बघत नव्हते.

"जवळचो खंयचो?" मी विचारलं.

"करूळ. निम्म्यान जवळ."

"मगे करूळानच जावंया."

"नको. आंबोली."

"कित्या?"

"रूट डिसाइड झालो हा."

"कोणी केल्यान डिसाइड? आजऱ्याच्या बायन?"

लग्नाला इतकी वर्षं झाली, असं मी कधी बोलले नव्हते. हे वाळूपाशी उकिडवे बसले. मग आंबोलीची सुतळी उचलून खिशात घातली.

"बरा. करूळ. पाचाक फॉल-इन."

त्यांनी अंगणातूनच तिला फोन लावला. तिच्याशी हे शुद्ध बोलतात. "ह्या वर्षी आजऱ्याला थांबू नको. करूळने येतोय." पलीकडून काही विचारलं असावं. "नाही, एकटा नाही. ही आहे." पुन्हा काही विचारलं. "बघू," एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मी जिंकले होते. काजूगर, आमसुलं आणि उकडे तांदूळ बांधले आणि गाढ झोपले.

पहाटे पाचला निघालो. कणकवलीपर्यंत हे नेहमीसारखे होते. तळेऱ्याला वळलो तेव्हा गप्प झाले. वैभववाडीला चहा घेतला. घाटाच्या पायथ्याशी गाडी थांबवून त्यांनी चारी टायर लाथेने तपासले, पाणी बघितलं, ब्रेक दाबून बघितले. नंतर पुन्हा एकदा तेच सगळं केलं. मला वाटलं, लष्करी सवय.

पहिली वळणं नीट गेली. पाऊस नव्हता. मग वरून धुकं उतरलं, चुलीवर ओली लाकडं घातल्यावर धूर यावा तसं. बॉनेट दिसेना. एका वळणावर ह्यांनी गाडी थांबवली. इंजिन चालू, पाय ब्रेकवर, दोन्ही हात स्टिअरिंगला चिकटलेले. मी वाट बघितली. गाडी हलेना.

खालून ट्रकचा हॉर्न आला.

"मागसून गाडी येता," मी म्हटलं.

"माका ऐकाक येता."

"मगे चला."

"जमना नाय."

ह्या माणसाने बर्फात गाड्या चालवल्या आहेत. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. घाम कपाळावरून डोळ्यांत जात होता आणि ते पुसत नव्हते. आम्ही आंधळ्या वळणावर मधोमध उभे होतो. मागच्या ट्रकवाल्याला आम्ही दिसणार नव्हतो. खाली उतरून पुढे चालावं आणि वाट दाखवावी म्हणून मी दाराला हात घातला. त्यांनी माझं मनगट धरलं. बांगडी पिचली.

"उतरू नको."

"तर मगे काय करू?"

तेव्हा त्यांनी सांगितलं. रिपोर्टासारखंच सांगितलं, समोर बघत.

"कॉन्व्हॉय. रेशनच्यो गाडयो. आमची चौथी. असाच धुक्या. फुडसून वायरलेसवर मेसेज इलो, आगे रोड कटा है, को-ड्रायव्हर उतारो, गाडी गाइड करके निकालो, ओव्हर. दत्ता उतरलो. दिसा नाय होतो. शिटी वाजयत होतो, मी शिटयेवर गाडी घेय होतंय. शिटी वाजत होती. मगे नाय वाजली."

ट्रकचा हॉर्न पुन्हा आला, जवळून.

"तू बोलत रव," हे म्हणाले. "उतरू नको, पण बोलत रव. आवाज बंद करू नको."

मी काच खाली करून डोकं बाहेर काढलं. दरीच्या कडेला दगडी कठडा अंधुक दिसत होता. "कठडो आसा," मी म्हटलं. "हातभर जागा आसा. चला. अजून आसा. चला." गाडी हलली. पहिल्या गिअरमध्ये, मुंगीच्या चालीने. "कठडो आसा. कठडो आसा." पण तेच तेच किती वेळ म्हणणार? मी थांबले की ह्यांचा पाय ब्रेकवर जात होता.

"बोल," हे म्हणाले.

"काय बोलू?"

"कायव बोल."

मला बोलता येत नाही. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, घरातही कामापुरतंच. म्हैस, नारळ, शेजारची भांडणं, सगळं दोन वळणांत संपलं. मग जे आत होतं तेच बाहेर आलं.

"कठडो आसा. त्या बायेक आजऱ्यास गाडयेत घेतास ता माका म्हायत आसा. वळाण उजव्या हाताक, सावकास. इतक्या वर्सांत माका कधी आंबोली दाखवलात? एकदा तरी? दगड आसा फुडे, उजवी घेया. तिच्या हातचा जेवान इलात की दोन दिवस माझ्या आमटयेक चव नसता. तिका 'कशी आहेस' म्हणतास, माका 'चाय ठेव' म्हणतास. कठडो तुटलो हा हंयसर, आत घेया, आत. तिचो पदर बरो, तिचा बोलना बरा, बारावी शिकली हा. आणि म्हाळाक तिच्या घोवाच्या पाटार बसतास. माका काय वाटता ता एकदा तरी इचारलात?"

ह्यांनी दुसरा गिअर टाकला. मी थांबले नाही. नव्या नवरीपासून आजवरचं सगळं काढलं, कठडा आणि वळणं सांगत सांगत. माझा आवाज मलाच परका वाटत होता. मागचा ट्रक आमच्या लाल दिव्याच्या मागे लागून शांत चढत होता. त्याने पुन्हा हॉर्न दिला नाही.

गगनबावड्याला धुकं एकदम संपलं. ऊन पडलं होतं. ह्यांनी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि बाटलीतलं सगळं पाणी प्यायले.

"संपला?" त्यांनी विचारलं.

"नाय."

"मगे बोल. सपाटीक लागलंव तरी चलात."

ट्रकवाला पुढे जाताना हात दाखवून गेला. मला हसू आलं आणि रडूही आलं. मी विचारलं, "तिका म्हायत होता?"

"पयल्या वर्सा ह्याच घाटातसून परतललंय. म्हाळाक पोचलंयच नाय. तिना फोन केल्यान, तेवा सांगलंय. मगे तीच म्हणाली आंबोलीन येवा, थंय मानसा असतत, आणि फुडे धुक्यात एकटे नको, आजऱ्यासून मी वांगडा बसतंय, बोलत ऱ्हवतंय."

"आणि माका कित्या नाय सांगलात?"

"तुका सांगलंय असतंय तर माका जावक दिलं असतंस?"

दिलं नसतं. हे मला तेव्हाच कळलं. पण म्हणून बरं वाटलं असं नाही. उलट एक नवीनच कळ आली. आजपर्यंत वाटे, तिला ह्यांचं हसणं मिळतं. आता कळलं की तिच्याजवळ ह्यांची भीती होती, आणि ती तिने इतकी वर्षं जपून ठेवली होती. माझ्या घरातल्या माणसाची भीती, दुसरीच्या घरात.

अलका अंगणातच उभी होती. माझ्या मनातल्यापेक्षा बारीक, केस पिकलेले. तिने आधी ह्यांच्या तोंडाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"वहिनी, बोललासा न्हवं वाटंनं?"

"बोललंय."

"काय बोललासा?"

मला खोटं सुचलं नाही. "तुमचेच उद्धार केलंय."

ती पदर तोंडाला लावून हसायला लागली. "बरं झालं की. मी दरवर्षी पावण्यारावळ्यांच्या उखाळ्यापाखाळ्या काढते. त्या सरल्या की पाढे म्हणते. मागल्या साली तर एकोणतीसपत्तुर गेलते." मग माझ्या हातातली बोचकी घेतली. "आता तुमीच आणत जावा त्यास्नी. माझा घसा बसतोय."

ती हे सरळ बोलली. माझ्याच मनाला सरळ घ्यायला वेळ लागला.

चतुर्दशीला दुपारी पान मांडलं. भिंतीला दत्तांचा युनिफॉर्ममधला फोटो, खाली पाट. हे अंघोळ करून बसले. अलका वाढत होती. भात, वरण, वडे, खीर, गवार-भोपळ्याची भाजी. मी खांबाला टेकून बसले होते. आग्रह करायला ती वाकली तेव्हा मी जमिनीकडे बघितलं. माझं दुखणं एका घाटात संपणारं नव्हतं.

जेवण निम्मं झालं तेव्हा ती भाजीचं भांडं हातात धरूनच म्हणाली, "भावजी, एक इचारू? करूळनं आलासा म्हणून इचारते. त्यांची शेवटची शिट्टी कसली हुती?"

पितराने जेवताना बोलायचं नसतं. ह्यांनी हात पानावर ठेवला.

"लांब एक शिट्टी म्हणजे पुढे ये," हे म्हणाले. "आखूड दोन म्हणजे थांब. त्याने आखूड दोन दिल्या. मी ब्रेक मारला. खाली उतरून बघितलं तर चाकापुढे रस्ता नव्हता. तोही नव्हता."

अलकाने भांडं खाली ठेवलं. बाहेर परसात कुणीतरी कावळ्याला पान ठेवत होतं, त्याची हाक ऐकू आली.

दोन शिट्ट्या. रस्त्याची कड पायाखालून जात असताना वाजवलेल्या. त्यांच्यामुळे हा माणूस त्या डोंगरातून खाली आला, रजेवर घरी आला, चहा ठेव म्हणाला, माझ्याशी इतकी वर्षं कामापुरतं बोलला.

मी उठले. अलकाने भांडं पुन्हा उचललं नाही, म्हणून भाताचं पातेलं मी घेतलं. पानापुढे वाकले. पाटावर माझे यजमान बसले होते, पण मी त्यांना वाढलं नाही.

"दत्ता भावजी," मी म्हटलं, "अजून थोडो घेवा."

आणि भात वाढला.